पोट अचानक दुखलं तर आधी काय: सोनोग्राफी, एक्स-रे की थेट सीटी?

प्रश्न थोडक्यात असा आहे. धाकटा भाऊ, वय २४. रविवारी संध्याकाळी बेंबीभोवती दुखायला लागलं. गॅस समजून ओवा झाला, सोडा झाला, बेंबी सरकली असेल म्हणून शेजारच्या आजींनी पोट चोळूनही दिलं. रात्री तालुक्याच्या गावी सोनोग्राफी केली. रिपोर्टमध्ये 'अपेंडिक्स दिसलं नाही, बाकी नॉर्मल' असं आलं आणि सगळे निर्धास्त झोपले. मंगळवारी ताप आला, दुखणं उजवीकडे खाली सरकलं. शहरात सीटी केली तर अपेंडिक्स फुटलेलं. आता ऑपरेशन होऊन तो घरी आहे. विचारणं असं: सोनोग्राफी चुकली का? पहिल्याच रात्री सीटी का केली नाही? सीटीच्या किरणांचा पुढे त्रास होईल का? आणि त्याच रिपोर्टात उजव्या मूत्रपिंडात 'सिंपल सिस्ट, बोस्निआक १' लिहिलंय, त्याचं काय करायचं?

मी जनरल सर्जन आहे. जिल्ह्याच्या गावात २६ वर्षं पोटंच उघडतोय, त्यामुळे तुमची हकीकत मला ओळखीची वाटली. महिन्यातून एकदा तरी असा रुग्ण माझ्या टेबलावर असतो.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्या रिपोर्टातच लिहिलेलं आहे. 'अपेंडिक्स दिसलं नाही' हे वाक्य आणि 'अपेंडिक्स नॉर्मल आहे' हे वाक्य, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. रेडिओलॉजिस्टने प्रामाणिकपणे पहिलं लिहिलं. ते वाचणाऱ्याने, मग ते डॉक्टर असोत की घरचे, दुसरं वाचलं.

अपेंडिक्स का दिसत नाही हे समजलं की पुढचं सगळं सोपं होतं. सोनोग्राफी आवाजाच्या लहरींवर चालते आणि हवा ही त्या लहरींची वैरीण. आतड्यात हवा असतेच. १९८६ साली पायलर्ट या डच रेडिओलॉजिस्टने एक साधी युक्ती मांडली: प्रोब हळूहळू दाबत न्यायचा, म्हणजे मधली आतडी बाजूला सरतात, त्यांतली हवा पुढे ढकलली जाते आणि मागचं अपेंडिक्स दिसू लागतं. निरोगी अपेंडिक्स त्या दाबाखाली चपटं होतं; सुजलेलं होत नाही आणि त्याची जाडी साधारण ६ मिलिमीटरच्या वर असते. पण अपेंडिक्स मोठ्या आतड्याच्या मागे दडलेलं असेल, पोटावर चरबी असेल, रुग्ण हात लावू देत नसेल, किंवा बाहेर वीस गरोदर बाया रांगेत बसल्या असल्यामुळे तपासणाऱ्याला दाबत बसायला वेळच नसेल, तर ते दिसत नाही. शिवाय तुमच्या भावाची तपासणी झाली तेव्हा दुखणं सुरू होऊन जेमतेम पाच-सहा तास झाले होते. त्या वेळी सूज पुरती धरलेलीही नसेल.

मग त्या रात्री काय व्हायला हवं होतं? माझं मत स्पष्ट आहे: सीटी नाही झाली तरी चाललं असतं, पण सकाळी परत पोट तपासायला हवं होतं. दुखणं बेंबीपासून उजवीकडे खाली सरकतं का, जेवणावरची वासना गेली का, ताप चढतो का, पांढऱ्या पेशी वाढतात का, दाबून हात सोडल्यावर जास्त दुखतं का, या गोष्टींना गुण देऊन बेरीज करायची एक पद्धत अल्व्हाराडो या डॉक्टरने दिली, तीही १९८६ चीच. दहापैकी गुण. सात किंवा जास्त असतील तर सर्जनने हात बांधून बसू नये. चार किंवा कमी असतील तर अपेंडिक्सची शक्यता कमी. मधले, पाच-सहा गुणांचे, हे खरे अडचणीचे रुग्ण, आणि स्कॅनचा सगळ्यात जास्त उपयोग त्यांनाच होतो. रविवारी रात्री तुमचा भाऊ बहुधा याच मधल्या गटात होता. सहा-आठ तासांनी त्याच डॉक्टरांनी पुन्हा पोटावर हात ठेवला असता, तर सोमवारी सकाळीच चित्र बदललेलं दिसलं असतं. तेव्हा सोनोग्राफी पुन्हा करता आली असती, किंवा सीटी. 'रिपोर्ट नॉर्मल आहे, घरी जा' याऐवजी 'रिपोर्टमध्ये काही दिसत नाही, सकाळी सातला परत या, मध्ये ताप आला तर त्याआधी या' एवढं एक वाक्य कमी पडलं.

इंजेक्शन देऊन दुखणं दाबलं तर निदान लपतं, म्हणून रुग्णाला विव्हळत ठेवायचं, ही जुनी समजूतही अजून आपल्याकडे टिकून आहे. वेदनाशामक दिल्याने निदान चुकत नाही, हे बऱ्याच अभ्यासांत दिसलेलं आहे. उलट दुखणं थोडं कमी झालं की रुग्ण पोट सैल सोडतो आणि तपासणी चांगली होते. पोट चोळणं मात्र थांबवा. सुजलेलं अपेंडिक्स चोळून कुणाचं भलं झालेलं मी पाहिलेलं नाही.

आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडे येतो. सीटी इतकी अचूक आहे तर प्रत्येकाला पहिल्या तासातच का करत नाहीत?

कारण पोटदुखी हा आजार नाही, तक्रार आहे, आणि तिच्यामागच्या काही आजारांत सीटी अगदी कमी पडते. पित्ताशयातले खडे घ्या. उजव्या बरगडीखाली कळ, रात्रीच्या जेवणानंतर, खांद्याकडे जाणारी. इथे सोनोग्राफी सीटीपेक्षा सरस आहे. कोलेस्टेरॉलचे खडे सीटीवर पित्ताच्याच रंगाचे दिसतात, म्हणजे दिसतच नाहीत. सोनोग्राफीत मात्र तोच खडा मागे काळी सावली टाकतो आणि शिकाऊ डॉक्टरलाही सापडतो. सीटीत पित्ताशय स्वच्छ म्हणून आम्लपित्ताच्या गोळ्या खात बसलेले रुग्ण मी पाहिलेत. अंडाशयाला पीळ पडला असेल तरी पहिली तपासणी सोनोग्राफीच. त्यात एक खाच आहे: डॉपलरमध्ये रक्तप्रवाह दिसला म्हणून पीळ नाही असं म्हणता येत नाही, कारण अंडाशयाला दोन बाजूंनी रक्त येतं. मोठं झालेलं, सुजलेलं अंडाशय आणि थांबून थांबून येणारी असह्य कळ असेल तर रिपोर्टातल्या 'फ्लो प्रेझेंट' या शब्दांवर झोपू नये.

स्वादुपिंडाच्या सुजेत गंमत वेगळीच आहे. त्याचं निदान तीनपैकी दोन गोष्टींवर होतं: ठरावीक दुखणं, रक्तातलं अमायलेज किंवा लायपेज (स्वादुपिंडाची पाचक द्रव्यं) वरच्या मर्यादेच्या तिपटीहून जास्त, आणि स्कॅन. पहिल्या दोन जुळल्या तर निदान झालं. पहिल्या दिवशी सीटी करून फार काही हाती लागत नाही, कारण स्वादुपिंडाचा कुठला भाग मेला हे नीट दिसायला तीन-चार दिवस जावे लागतात. तरी दारू पिऊन आलेल्या रुग्णाची पहिल्या रात्री सीटी होते, पाचव्या दिवशी तब्येत बिघडली की परत होते, आणि बिल भरणारा विचारतो, आधीच्या सीटीत काय पाहिलंत? पहिल्या दिवशी हवी ती सोनोग्राफी, पित्ताचे खडे हे कारण आहे का एवढं बघायला.

मुतखड्याच्या बाबतीत सीटी जवळजवळ कुठलाच खडा सोडत नाही, तीही कॉन्ट्रास्टशिवाय, म्हणजे चित्र ठळक करणारं औषध न देता. सोनोग्राफी मूत्रनलिकेच्या मधल्या भागातला खडा हमखास चुकवते. तरीही तरुण माणसाला, ताप नसताना, आधी सोनोग्राफी करावी असं मी म्हणतो, कारण मूत्रपिंड फुगलं आहे का हे तिच्यात कळतं आणि पहिल्या दिवशी उपचार त्यावरच ठरतो. अमेरिकेत १५ इमर्जन्सी विभागांमध्ये २,७५९ रुग्णांवर हा मुद्दा पडताळून पाहिला गेला, २०१४ साली त्याचे निष्कर्ष आले. सोनोग्राफीपासून सुरुवात केलेल्यांत गंभीर आजार निसटण्याचं प्रमाण सीटीने सुरुवात केलेल्यांपेक्षा वाढलं नाही, किरणं मात्र कमी लागली.

सडपातळ पोरांच्या पोटात सीटी करताना आणखी एक अडचण येते, ती फारशी कुणी सांगत नाही. सीटीत अवयव एकमेकांपासून वेगळे दिसतात ते मधल्या चरबीमुळे. सूज आली की ती चरबी गढूळ होते, आम्ही तेच शोधतो. पोटात चरबीच नसलेल्या बारा वर्षांच्या मुलाची आतडी एकमेकांना चिकटल्यासारखी दिसतात. म्हणजे ज्याला सोनोग्राफी सगळ्यात चांगली दिसते त्याला सीटी सगळ्यात वाईट, आणि किरणांचा धोकाही त्यालाच जास्त. लहान मुलांत आधी सोनोग्राफी हा नियम म्हणूनच जगभर आहे. दीड वर्षाचं बाळ थांबून थांबून किंचाळतं, पाय पोटाशी घेतं, शीतून लालसर चिकट पडतं, तर आतड्यात आतडं शिरलेलं असू शकतं. सोनोग्राफीत ते गोल चकतीसारखं दिसतं आणि पुष्कळदा ऑपरेशनशिवाय, गुदद्वारातून हवा किंवा सलाइन सोडून सोडवता येतं. गरोदर बाईलाही आधी सोनोग्राफी, नंतर गरज पडली तर कॉन्ट्रास्टशिवाय एमआरआय. पण आई अत्यवस्थ असेल आणि दुसरा मार्ग नसेल तर सीटी करावीच. एका सीटीत बाळाला पोचणारी मात्रा इजा ठरलेल्या पातळीच्या खाली असते, फुटलेलं अपेंडिक्स मात्र बाळाला नक्की मारू शकतं.

आता दुसरी बाजू. काही वेळा सोनोग्राफीत वेळ घालवणं हाच गुन्हा असतो.

माझी स्वतःची एक चूक सांगतो. नोकरीच्या सुरुवातीची वर्षं, रात्रपाळी. सत्तरीच्या आजी, पोटात प्रचंड दुखतंय म्हणून आणलेल्या. हात लावला तर पोट मऊ, कुठे कडक नाही. सोनोग्राफी नॉर्मल, उभ्याने काढलेला एक्स-रे नॉर्मल. मला वाटलं, म्हातारं माणूस, बद्धकोष्ठ असेल. एनिमा लिहून मी झोपलो. त्यांची नाडी अनियमित होती. ती मी मोजली होती, केसपेपरवर लिहिलीही होती, आणि तिचा अर्थ लावला नव्हता. हृदयातून सुटलेली गुठळी आतड्याच्या धमनीत अडकली होती. दुसऱ्या दिवशी दुपारी पोट उघडलं तेव्हा छोटं आतडं जवळपास सगळं काळं पडलेलं होतं. दुखणं खूप आणि तपासणीत सापडतंय थोडं, ही विसंगती हेच त्या आजाराचं लक्षण. तिथे लागते ती सीटी अँजिओग्राफी, तीही लगेच. क्रिएटिनिनचा (मूत्रपिंडाच्या तपासणीचा) रिपोर्ट येईपर्यंत थांबायचं नाही, तोंडाने कॉन्ट्रास्ट पाजत बसायचं नाही. तेव्हापासून साठीच्या पुढच्या माणसाचं पोट दुखतंय आणि कारण अर्ध्या तासात सापडत नाही, तर मी सीटीला कचरत नाही. म्हाताऱ्या पोटाला ताप येत नाही, ते कडक होत नाही, पेशी वाढत नाहीत. रोग निमूटपणे पुढे जातो. हेच स्टेरॉइडवर असलेल्यांचं, किडनी बदललेल्यांचं आणि नुकतंच ऑपरेशन झालेल्यांचं.

आतडं अडकलं असेल तरी सीटी हवी. उभ्याने काढलेल्या एक्स-रेत पाण्याच्या पातळ्या दिसतात, लहान आतडं ३ सेंटिमीटरपेक्षा फुगलेलं दिसतं, म्हणजे अडकलंय हे कळतं. पण कुठे, कशाने, आणि रक्तपुरवठा तुटला का, हे एक्स-रे सांगत नाही, आणि ऑपरेशन आज की परवा हे त्यावरच ठरतं. आपल्याकडे जुन्या ऑपरेशननंतर आतडी एकमेकांना चिकटतात, त्याबरोबर आतड्याचा क्षयही (टीबी) आतडं अडकवतो, तोही सीटीत वेगळा ओळखू येतो.

एक्स-रे आता जवळजवळ निकालात निघालाय असं शहरातले तरुण डॉक्टर म्हणतात. मी एका कामासाठी तो अजून ठेवलाय. जठराचा किंवा टायफॉइडने आतड्याचा भाग फुटला तर पोटात हवा येते, आणि उभ्याने काढलेल्या छातीच्या एक्स-रेत छाती आणि पोट यांमधल्या पडद्याखाली काळी चंद्रकोर दिसते. दोन मिनिटांचं, शंभराच्या नोटांत होणारं काम. फक्त रुग्णाला दहा मिनिटं सरळ बसवून मग काढा, हवेला वर चढायला वेळ द्या. चंद्रकोर दिसली तर सीटीची वाट न बघता थिएटर तयार करा. न दिसली तर भोक नाही असं समजू नका. अशा वेळी सीटी.

आणि ज्याचा रक्तदाब कोसळलाय त्याला सीटीच्या बोगद्यात पाठवू नये. पाळी चुकलेली, पांढरी पडलेली, चक्कर येऊन पडलेली मुलगी असेल तर लघवीची प्रेग्नन्सी टेस्ट आणि खाटेशेजारी एक मिनिटाची सोनोग्राफी पुरते. टेस्ट पॉझिटिव्ह आणि पोटात रक्त दिसलं की गर्भनलिकेत गर्भ राहून ती फुटलेली धरून चालायचं. मूल होण्याच्या वयातल्या प्रत्येक बाईची ती टेस्ट कुठल्याही स्कॅनच्या आधी व्हायला हवी. लग्न झालेलं नाही म्हणून विचारायचं नाही, हा संकोच मी जीवावर बेतलेला पाहिलाय.

खाटेशेजारची सोनोग्राफी म्हणताना एक आपल्याकडची अडचण सांगायला हवी. परदेशात इमर्जन्सीचा डॉक्टर खिशातून काढल्यासारखा प्रोब काढतो. आपल्याकडे गर्भलिंगनिदानाविरुद्धचा १९९४ चा केंद्राचा कायदा आहे, आणि महाराष्ट्राने तर १९८८ मध्येच, देशात पहिल्यांदा, स्वतःचा केला होता. मशीन नोंदवलेलं, जागा नोंदवलेली, चालवणारा नोंदवलेला. पोर्टेबल मशीन दवाखान्याच्या आवाराबाहेर सहजी नेता येत नाही. तो कायदा का लागला हे आपल्याला ठाऊक आहे आणि मी त्याच्या बाजूचाच आहे. पण रात्री दोन वाजता तालुक्यात सोनोग्राफी मिळणं म्हणजे एका ठरावीक माणसाला झोपेतून उठवणं असतं, हेही खरं.

काही पोटदुख्यांना तर कुठलाच स्कॅन नको असतो. वरच्या पोटात जळजळतंय, घाम फुटलाय, वय पन्नास, तर आधी ईसीजी. हृदयाच्या खालच्या भागाचा झटका पित्तासारखा वागतो. मधुमेही पोरगा उलट्या करतोय तर आधी साखर आणि कीटोन. चौदा वर्षांचा मुलगा ओटीपोटात दुखतंय म्हणतो आणि लाजून पुढचं सांगत नाही. चड्डी उतरवून बघा, अंडकोषाला पीळ असेल तर हातात साधारण सहा तास असतात. विदर्भात आणि नंदुरबारच्या बाजूला सिकलसेल या रक्ताच्या आजाराची कळ अपेंडिक्ससारखी भासते. आणि पावसाळ्यात, जमिनीवर झोपलेला धडधाकट माणूस पहाटे पोट दुखतंय म्हणून उठतो, एखादी उलटी होते, पोट मऊ असतं, अंगावर कुठे खूण नसते, तेव्हा त्याच्या पापण्यांकडे बघा. मण्यार चावलेली कळतही नाही, दुखतही नाही. पापण्या जड होत असतील तर सोनोग्राफीच्या रांगेत त्याचा श्वास बंद पडेल. त्याला प्रतिविष आणि व्हेंटिलेटर जिथे असेल तिथे पोचवायचं.

किरणांचं सांगतो. निसर्गातून, जमिनीतून आणि आकाशातून, माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट (किरणांच्या मात्रेचं माप) मिळतातच. पोटाच्या एका सीटीत साधारण ८ ते १० मिळतात, म्हणजे तीन-चार वर्षांचा शिधा एकदम. अमेरिकेच्या एफडीएचा, म्हणजे तिथल्या औषध-नियामक संस्थेचा, हिशोब असा की १० मिलिसिव्हर्टने जीवघेण्या कॅन्सरची शक्यता सुमारे २,००० मध्ये एकाने वाढू शकते. मुळात तिथे ती पाचात एक आहेच. तुमच्या भावाला एका सीटीने वाचवलं, त्याची चिंता करू नका. मला खटकतं ते दुसरंच: तेच पोट तीनदा स्कॅन करणं. तीव्र पोटदुखीत बहुतेक वेळा शिरेतून कॉन्ट्रास्ट देऊन एकच फेरी पुरते. 'ट्रायफेजिक', म्हणजे तीन फेऱ्यांची सीटी, लिहून पाठवलं की मात्रा तिपटीच्या आसपास जाते, आणि कित्येकदा ते लिहिणाऱ्याच्या सवयीचं असतं. दुसरं, आधीच्या गावची सीडी न बघता नव्या दवाखान्यात पुन्हा सीटी होते. कागदावरचा रिपोर्ट आम्हाला पुरत नाही, चित्रं लागतात. ती सीडी फाइलमध्ये जपून ठेवा.

डॉक्टर मंडळी वाचत असतील तर एक विनंती. चिठ्ठीवर नुसतं 'सोनोग्राफी पोट' लिहू नका. कधीपासून, कुठे, ताप आहे का, शेवटची पाळी कधी, आधी कुठलं ऑपरेशन, आणि तुम्हाला शंका कशाची आहे, एवढ्या दोन ओळी लिहा. 'उजवीकडे खाली दुखतंय, अपेंडिक्स?' असं वाचलेला रेडिओलॉजिस्ट तिथे पाच मिनिटं जास्त दाबून बघतो. तुमच्या भावाच्या चिठ्ठीवर काय लिहिलं होतं, ते एकदा बघा.

राहिली मूत्रपिंडातली गाठ. बोस्निआक या रेडिओलॉजिस्टने अशा सिस्टची ही प्रतवारी केली, आणि योगायोग बघा, तीही १९८६ मधलीच. पहिली प्रत म्हणजे पातळ भिंतीची पाण्याची पिशवी, जिचा कॅन्सर होत नाही. पोटाची सीटी केली की असं काहीबाही सापडतंच, आणि कधी कधी त्यामागे लोक वर्षभर धावतात. तिला औषध नाही, ऑपरेशन नाही, दर सहा महिन्यांची सोनोग्राफीही नाही. टाके भरले की भावाला कामावर जाऊ द्या, फक्त सहा आठवडे जड उचलायला लावू नका.